अपग्रेडनंतर पुन्हा पुन्हा उघडी पडणारी बगझिलाची ‘लोकलकॉन्फिग’ फाइल: निदान आणि कायमचा उपाय

बगझिला ही सॉफ्टवेअरमधील चुका म्हणजे ‘बग’ नोंदवण्याची प्रणाली व्यवस्थित चालू आहे, लॉगिन होते, बग नोंदवले जातात, मेल वेळेवर जातात, आणि अशा वेळी कोणीतरी ब्राउझरमध्ये मुख्य पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘लोकलकॉन्फिग’ एवढा एक शब्द टाइप करतो. प्रवेश नाकारल्याचे पान येण्याऐवजी साधा मजकूर उघडतो किंवा फाइल डाउनलोड होते, आणि तिच्यात डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड आणि ‘साइट वाइड सीक्रेट’ ही गुप्त किल्ली एकाखाली एक स्पष्ट वाचता येते. ही समस्या दुरुस्त करायला दहा मिनिटे पुरतात. मात्र काही महिन्यांनी, बहुधा एखाद्या अपग्रेडनंतर किंवा सर्व्हर बदलल्यानंतर, ती जशीच्या तशी परत येते, आणि बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नसल्याने ती परत आल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मी सांभाळत असलेल्या एका इन्स्टॉलेशनमध्ये ही फाइल तीन वेळा उघडी पडली. पहिल्यांदा ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती घेतल्यानंतर, दुसऱ्यांदा एचटीटीपीएस सुरू केल्यानंतर आणि तिसऱ्यांदा अपाचे या वेब सर्व्हरच्या पुढे एंजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर प्रॉक्सी म्हणून, म्हणजे विनंत्या आधी स्वतःकडे घेणारा मध्यस्थ म्हणून, बसवल्यानंतर. प्रत्येक वेळी मी त्या वेळचे कारण शोधून दूर केले आणि विषय संपला असे मानले. तिन्ही प्रसंग एकाच मुळाचे आहेत हे तिसऱ्या वेळी कळले. ते मूळ असे: बगझिला आपल्या गुप्त फाइलींचे रक्षण स्वतः करत नाही, ते काम ती वेब सर्व्हरवर सोपवते, आणि तसे सांगणारी चिठ्ठी वेब सर्व्हरने वाचलीच पाहिजे असे कोणतेही बंधन सर्व्हरवर नसते.

पुढे निर्देशांची आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कॉन्फिगरेशनमध्ये ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत लिहावयाची आहेत.

आधी तपासणी, तीही बाहेरून

तपासणी सर्व्हरवर बसून करू नये. फायरवॉलच्या बाहेरील एखाद्या यंत्रावरून ‘कर्ल’ या कमांड लाइनवरील साधनाने विनंती पाठवावी आणि उत्तराचा स्टेटस क्रमांक पाहावा. ४०३ किंवा ४०४ आला तर तो पत्ता बंद आहे. २०० आला तर उघडा आहे. ३०१ किंवा ३०२ आल्यास मात्र समाधान मानू नये. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर पाठवणारे उत्तर म्हणजे नकार नव्हे, ते फक्त दुसऱ्या दाराचा पत्ता सांगते. म्हणून कर्लला पुनर्निर्देशनाच्या मागे जाण्याचा पर्याय देऊन शेवटचा क्रमांक कोणता येतो ते पाहावे. हीच तपासणी साध्या एचटीटीपीवर, एचटीटीपीएसवर, सर्व्हरच्या प्रत्येक पर्यायी नावावर आणि थेट आयपी पत्त्यावरही करावी, आयपीव्ही६ चालू असल्यास त्यावरही. एका नावावर बंद असलेली फाइल दुसऱ्या नावावर उघडी असणे ही या प्रकरणातली सर्वात सामान्य स्थिती आहे.

केवळ ‘लोकलकॉन्फिग’ तपासून थांबू नये. ‘डेटा’ फोल्डरमधील ‘पॅराम्स डॉट जेसन’ ही फाइल (५.० पूर्वीच्या आवृत्त्यांत नुसती ‘पॅराम्स’) अवश्य पाहावी, कारण मेल सर्व्हरचा पासवर्ड आणि एलडॅप ही वापरकर्त्यांची मध्यवर्ती सूची वापरत असल्यास त्याच्या जोडणीचा पासवर्ड तिच्यात असतो. त्याच फोल्डरमधील ‘मेलर डॉट टेस्टफाइल’ ही तर फारच दुर्लक्षित फाइल आहे. मेल पाठवण्याची पद्धत ‘टेस्ट’ अशी ठेवलेली असेल तर बाहेर जाणारा प्रत्येक मेल तिच्यात लिहिला जातो, आणि त्यात पासवर्ड बदलण्याच्या दुव्यांचाही समावेश असतो. म्हणजे ती फाइल वाचणाऱ्याला कोणाचाही पासवर्ड फोडण्याची गरज उरत नाही: लॉगिनच्या पानावर दुसऱ्याचे नाव टाकून ‘पासवर्ड विसरलो’ म्हणायचे आणि आलेला दुवा त्या फाइलीतून उचलायचा. याशिवाय अपग्रेड गिटने करत असाल तर ‘डॉट गिट’ फोल्डर, एडिटरने मागे ठेवलेल्या प्रती, ‘चेकसेटअप’ ही बगझिलाची मांडणी करणारी स्क्रिप्ट स्वतः तयार करते ती ‘लोकलकॉन्फिग डॉट ओल्ड’, आणि डेटाबेसचा एखादा बॅकअप कोणी घाईत त्याच फोल्डरमध्ये ठेवला असल्यास तोही तपासावा.

बगझिलासोबत ‘टेस्टसर्व्हर’ नावाची एक पर्ल स्क्रिप्ट येते. तिला साइटचा पत्ता दिला की सीजीआय, म्हणजे सर्व्हरवर चालून पाने तयार करणाऱ्या स्क्रिप्ट, चालतात का, चित्रे दिसतात का आणि ‘लोकलकॉन्फिग’ मिळवता येते का हे ती सांगते. ती जरूर चालवावी, पण तिला जो पत्ता द्याल तेवढाच ती तपासते हे लक्षात ठेवावे.

मूळ कारण

‘चेकसेटअप’ चालवल्यावर बगझिला आपल्या मुख्य फोल्डरमध्ये आणि ‘डेटा’, ‘टेम्प्लेट’, ‘लिब’ अशा आतल्या फोल्डरांमध्ये ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाइली तयार करते. पर्लच्या लायब्ररी, पर्ल स्क्रिप्ट आणि ज्यांच्या नावात ‘लोकलकॉन्फिग’ हा शब्द आहे अशा सर्व फाइली कोणालाही देऊ नयेत, असे मुख्य फोल्डरमधील फाइलीत लिहिलेले असते. या फाइली वाचायच्या की नाही हे अपाचे ‘अलाउ ओव्हरराइड’ या निर्देशावरून ठरवतो. अपाचेच्या २.३.८ पर्यंतच्या आवृत्त्यांत हा निर्देश लिहिलेला नसेल तर ‘ऑल’ धरला जात असे, २.३.९ पासून तो ‘नन’ धरला जातो. २०१२ मध्ये २.४ ही स्थिर आवृत्ती आली आणि तेव्हापासून जो जो सर्व्हर नव्याने उभा राहतो त्यावर, कोणी मुद्दाम लिहिले नाही तर, बगझिलाच्या या सगळ्या चिठ्ठ्या न वाचता बाजूला ठेवल्या जातात. त्याबद्दल एरर लॉगमध्ये एक ओळही येत नाही, कारण अपाचेच्या दृष्टीने काही चुकलेलेच नसते.

एक खूण मात्र दिसू शकते. बगझिला ५.० पासून बाहेरील प्रोग्रॅम ज्या रेस्ट पत्त्यांवरून बोलतात ते पत्ते ‘रेस्ट डॉट सीजीआय’कडे वळवण्याचा नियमही याच मुख्य ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलीत असतो. त्यामुळे ‘कालपर्यंत रेस्ट चालत होते, अपग्रेडनंतर ४०४ येते’ अशी तक्रार आली की मी सर्वात आधी ‘लोकलकॉन्फिग’ तपासतो. रेस्ट बंद पडले आहे हे वापरणाऱ्यांना दिसते. पासवर्ड उघडा पडला आहे हे दिसत नाही. कारण दोन्हींचे एकच असते. अशा वेळी रेस्टसाठी कॉन्फिगरेशनमध्ये एक वेगळा वळणनियम टाकून तक्रार मिटवली, तर नजरेला येणारी एकमेव खूणही आपणच पुसून टाकतो.

येथे एक गैरसमज वारंवार भेटतो: ‘फाइलीची परवानगी ६४० आहे, मग ती जगाला कशी दिसेल?’ ‘लोकलकॉन्फिग’ची परवानगी ६४० असणे योग्यच आहे आणि ‘वेब सर्व्हर ग्रुप’ ही सेटिंग नीट भरलेली असेल तर ‘चेकसेटअप’ ती तशी लावतेही. परंतु ही परवानगी त्याच यंत्रावरील इतर वापरकर्त्यांपासून रक्षण करते. बगझिला वेब सर्व्हरच्याच ग्रुपने चालत असल्याने वेब सर्व्हरला ती फाइल वाचता येणे भागच आहे, आणि ज्याला ती वाचता येते तोच ती मागणाऱ्याच्या हाती देतो. परवानगी आणखी घट्ट केली तर बगझिलाच बंद पडते आणि ५०० क्रमांकाची चूक येते. मग कोणीतरी वैतागून पूर्ण फोल्डरला ७७७ देतो आणि पहिल्यापेक्षा वाईट स्थिती होते. परवानग्यांचा घोळ झालाच असेल तर हाताने दुरुस्त करत बसू नये; रूट वापरकर्ता म्हणून ‘चेकसेटअप’ पुन्हा चालवावी, ती सर्व परवानग्या मूळ जागी आणते.

दुरुस्तीनंतरही ती परत कशी येते

‘अलाउ ओव्हरराइड ऑल’ लिहिले, सर्व्हर रीलोड केला, ४०३ आला. बहुतेक जण येथे थांबतात. यानंतर ही समस्या परत येण्याच्या तीन वाटा मी स्वतः पाहिल्या आहेत.

पहिली वाट एचटीटीपीएसची. ‘अलाउ ओव्हरराइड’ असलेला ‘डिरेक्टरी’ विभाग पुष्कळदा पोर्ट ८० च्या ‘व्हर्च्युअल होस्ट’च्या, म्हणजे त्या नावा-पोर्टपुरत्या वेगळ्या कॉन्फिगरेशनच्या, आत लिहिलेला असतो. नंतर पोर्ट ४४३ साठी नवा व्हर्च्युअल होस्ट तयार होतो, त्यात सर्टिफिकेटच्या ओळी आणि ‘डॉक्युमेंट रूट’ येतात, पण तो विभाग येत नाही. कुलूप लागलेले दार एचटीटीपीएसकडे वळवले जाते आणि त्या नव्या दाराला कुलूपच नसते. ‘अपाचेसीटीएल’ला मोठ्या एसचा पर्याय दिला की कोणत्या पोर्टवर कोणते व्हर्च्युअल होस्ट आहेत आणि न जुळणाऱ्या नावाची विनंती कोणाकडे जाते, हे एकत्र दिसते; ते वाचल्याशिवाय या वाटेचा शोध पूर्ण होत नाही.

दुसरी वाट ‘लोकेशन’ विभागाची, आणि ती सर्वात फसवी आहे. अपाचे एकाच विनंतीला लागू होणारे विभाग ठरावीक क्रमाने एकत्र करतो: प्रथम साधे ‘डिरेक्टरी’ विभाग आणि ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाइली, नंतर रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे नावांचा नमुना देऊन, लिहिलेले ‘डिरेक्टरी मॅच’, त्यानंतर ‘फाइल्स’ आणि ‘फाइल्स मॅच’, आणि त्यांच्याही नंतर ‘लोकेशन’ व ‘लोकेशन मॅच’. ‘ऑथ मर्जिंग’ हा निर्देश वेगळा लिहिलेला नसेल तर नंतर येणारा ‘रिक्वायर’ आधीच्या ‘रिक्वायर’मध्ये मिसळत नाही, तो त्याची जागा घेतो. याचा परिणाम असा की कोणी एखाद्या वेगळ्याच कामासाठी मूळ पत्त्यावर ‘लोकेशन’ विभाग लिहून त्यात ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ टाकले, तर खालचे सर्व नकार एका ओळीत रद्द होतात. ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाइली जागेवर असतात, ‘अलाउ ओव्हरराइड’ही बरोबर असते, आणि तरी २०० येतो.

तिसरी वाट पुढे बसवलेल्या एंजिनएक्सची. एंजिनएक्स ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ मुळीच वाचत नाही. तो विनंत्या नुसत्या अपाचेकडे पाठवत असेल तर अपाचेचे नकार चालू राहतात. परंतु चित्रे आणि स्टाइलच्या फाइली लवकर मिळाव्यात म्हणून पुष्कळ जण बगझिलाचे फोल्डरच एंजिनएक्सचा ‘रूट’ म्हणून देतात आणि ‘ट्राय फाइल्स’ने सांगतात की फाइल डिस्कवर सापडली तर स्वतः दे, नाही सापडली तर मागे पाठव. ‘लोकलकॉन्फिग’ डिस्कवर सापडते. एंजिनएक्स ती स्वतः देऊन टाकतो आणि मागच्या अपाचेच्या लॉगमध्ये त्या विनंतीची नोंदही होत नाही. माझा तिसरा प्रसंग हाच होता, आणि अपाचेचे कॉन्फिगरेशन पुन्हा पुन्हा वाचण्यात माझा अर्धा दिवस गेला, कारण दोष शोधत होतो त्या फाइलींत तो नव्हताच.

कायमचा उपाय

नकार सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये, कोणत्याही व्हर्च्युअल होस्टच्या बाहेर लिहावा. तेथे लिहिलेला ‘डिरेक्टरी’ विभाग फोल्डरला चिकटतो; ते फोल्डर कोणत्याही पोर्टवरून, कोणत्याही नावाने मागितले तरी तो लागू होतो. मुख्य फोल्डरसाठीच्या विभागात सीजीआय चालवण्याची परवानगी, ‘डिरेक्टरी इंडेक्स’ म्हणून ‘इंडेक्स डॉट सीजीआय’ आणि फोल्डरची यादी दाखवणे बंद, एवढे असावे. त्याच विभागाच्या आत एक ‘फाइल्स मॅच’ लिहून पर्लच्या स्क्रिप्ट, पर्लच्या लायब्ररी आणि नावात कोठेही ‘लोकलकॉन्फिग’ असलेल्या फाइलींना ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ द्यावे. ‘बगझिला’, ‘लिब’, ‘टेम्प्लेट’, ‘कॉन्ट्रिब’, ‘टी’, ‘एक्सटी’ आणि ‘डॉट गिट’ या फोल्डरांना स्वतंत्र विभागांत संपूर्ण नकार द्यावा.

‘डेटा’ फोल्डर थोडे अधिक लक्ष मागते. त्याला सरसकट बंद केले की बगझिलाची पाने उघडतात पण उघडीबोडकी, रंगरूप नसलेली दिसतात, कारण ५.० पासून स्टाइल आणि जावास्क्रिप्टच्या एकत्र केलेल्या फाइली ‘डेटा’च्या आतील ‘अ‍ॅसेट्स’ फोल्डरमध्ये तयार होतात. हे पाहून घाबरून पूर्ण ‘डेटा’ पुन्हा उघडणारे मी पाहिले आहेत. ‘डेटा’ला साध्या ‘डिरेक्टरी’ विभागाने बंद करावे आणि ‘डेटा’मधील ‘अ‍ॅसेट्स’ला दुसऱ्या साध्या ‘डिरेक्टरी’ विभागाने फक्त सीएसएस आणि जेएस फाइलींपुरते उघडावे. साधे विभाग लहान मार्गाकडून लांब मार्गाकडे लागू होत असल्याने आतला विभाग बाहेरच्यावर मात करतो. येथे ‘डिरेक्टरी मॅच’ वापरू नये. ते साध्या विभागांनंतर लागू होते आणि त्यामुळे ‘अ‍ॅसेट्स’ला दिलेली सूट पुसली जाते. ग्राफ किंवा परस्परावलंबनाच्या आकृत्या वापरत असाल तर त्यांच्या फोल्डरांसाठीही याच पद्धतीने नेमकी सूट द्यावी.

‘अलाउ ओव्हरराइड’चे काय करावे, यावर माझे मत असे आहे: मुख्य फोल्डरसाठी ते चालू ठेवावे, म्हणजे रेस्टचे नियम आणि पुढील आवृत्तीने आणलेले बदल आपोआप लागू होतील, परंतु ‘डेटा’साठी ते ‘नन’ करावे. ‘डेटा’मध्ये वेब सर्व्हरला लिहिता येते. तेथे ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ वाचली जात असेल, तर फाइल लिहिण्याची एखादी पळवाट सापडलेला हल्लेखोर स्वतःची चिठ्ठी तेथे ठेवून सर्व्हरलाच आपले ऐकायला लावू शकतो.

एंजिनएक्समध्येही तेच नकार स्वतंत्रपणे लिहावेत. तो आधी तंतोतंत जुळणारा पत्ता पाहतो, नंतर सर्वात लांब जुळणारा उपसर्ग लक्षात ठेवतो, आणि त्यानंतर रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलेल्या क्रमाने तपासतो. त्यातले पहिले जुळणारे उपसर्गावर मात करते. म्हणून साध्या उपसर्गाने ‘डेटा’ बंद करूनही खालचा ‘सर्व सीएसएस, जेएस, जेसन फाइली थेट द्या’ असा एखादा नियम ‘पॅराम्स डॉट जेसन’ बाहेर देऊन टाकू शकतो. उपसर्गाआधी कॅरेट आणि टिल्ड ही जोडचिन्हे लिहिली की तो जुळल्यावर रेग्युलर एक्स्प्रेशन तपासलेच जात नाहीत. ‘डेटा’ आणि ‘डेटा’मधील ‘अ‍ॅसेट्स’ हे दोन्ही नियम तसेच लिहावेत. शक्य असेल तर मी याहून पुढे जाईन: बगझिलाचे फोल्डर एंजिनएक्सला ‘रूट’ म्हणून देऊच नये, सर्व विनंत्या मागे पाठवाव्यात. वेगातला फरक बहुतेक ठिकाणी जाणवत नाही.

पीएचपीमध्ये लिहिलेली मँटिस ही बग नोंदवणारी प्रणाली वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिच्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमधील पीएचपी फाइल एरवी मागितल्यावर चालवली जाते आणि त्यामुळे काहीच दाखवत नाही. परंतु ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपग्रेडमध्ये पीएचपीचे मॉड्यूल सुटले की तीच फाइल पासवर्डासकट मजकूर म्हणून बाहेर जाते. ते फोल्डर बंद करावे आणि इन्स्टॉलेशननंतर ‘अ‍ॅडमिन’ फोल्डर काढून टाकावे. रेडमाइन या अशाच प्रणालीमध्ये वेब सर्व्हरला फक्त ‘पब्लिक’ फोल्डर दिले जाते, म्हणून तेथे ही अडचण मुळातच येत नाही, जोपर्यंत कोणी चुकून एक पायरी वरचे फोल्डर देत नाही.

शेवटी वरची बाहेरून करायची तपासणी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून अपग्रेडच्या पायऱ्यांत कायमची बसवावी, आणि दर रात्रीही चालवावी. तिने बंद पत्त्यांवर ४०३ किंवा ४०४ येतो हे पाहावे आणि त्याचबरोबर मुखपृष्ठ व ‘अ‍ॅसेट्स’मधील एक स्टाइल फाइल २०० देते हेही पाहावे. दुसरा भाग वगळला तर स्टाइलच्या फाइली चुकून बंद झाल्या असतानाही स्क्रिप्ट ‘सर्व ठीक’ असेच सांगत राहील.

प्रॉक्सीमागे आणखी दोन अडचणी

एंजिनएक्स पुढे आला की ‘पान उघडतच नाही, ब्राउझर सांगतो की फार वेळा पुनर्निर्देशन झाले’ अशी तक्रार हमखास येते. टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचे एन्क्रिप्शन, एंजिनएक्सपाशी संपते आणि अपाचेकडे विनंती साध्या एचटीटीपीने पोचते. ‘एसएसएल रीडायरेक्ट’ चालू असेल तर बगझिला ‘एचटीटीपीएस’ नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘ऑन’ आहे का ते पाहते, नसल्यास ब्राउझरला एचटीटीपीएसवर पाठवते, आणि ब्राउझर तर तेथूनच आलेला असतो. एंजिनएक्सने ‘एक्स फॉरवर्डेड प्रोटो’ हेडर पाठवावे आणि अपाचेने ‘सेट एन्व्ह इफ’ने त्यावरून ते व्हेरिएबल लावावे. एंजिनएक्सने हे हेडर स्वतः लिहावे, बाहेरून आलेले पुढे ढकलू नये, आणि अपाचेने फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच यंत्रावरून आलेले, ऐकावे, म्हणजे प्रॉक्सीला वगळून कोणालाही थेट मागच्या दाराशी येता येणार नाही.

दुसरी अडचण लोकांना बगझिलाचाच दोष वाटतो. एखाद्याला काहीही न चुकवता संदेश येतो की आपल्या खात्यावर या आयपी पत्त्यावरून लॉगिन करणे थांबवले आहे. बगझिला एका खात्यासाठी एकाच आयपी पत्त्यावरून ५ वेळा चुकीचा पासवर्ड आला की त्या पत्त्यावरून त्या खात्याला ३० मिनिटे अडवते आणि साइट सांभाळणाऱ्याला मेल पाठवते. तो मेल उघडून आयपी पत्ता पाहावा. प्रत्येक मेलमध्ये १२७.०.०.१ दिसत असेल तर निदान झाले: बगझिलाच्या दृष्टीने सगळे जग प्रॉक्सीच्या एकाच पत्त्यावरून येत आहे, म्हणून दुसऱ्या कोणी केलेल्या पाच चुकांची शिक्षा खऱ्या मालकाला होते, आणि मुद्दाम त्रास देणाऱ्याला कोणाचेही खाते अर्ध्या अर्ध्या तासाने बंद ठेवता येते. ‘इन्बाउंड प्रॉक्सीज’ या पॅरामीटरमध्ये प्रॉक्सीचा नेमका पत्ता लिहावा. तेथे तारांकन लिहून मोकळे होऊ नये, कारण मग कोणीही खोटे हेडर पाठवून दर वेळी नवा पत्ता सांगेल आणि ही मर्यादा निरुपयोगी होईल.

उपायातूनच उद्भवणारी सर्टिफिकेटची अडचण

‘डॉट गिट’ बंद करताना पुष्कळ जण टिंबाने सुरू होणारे सर्वच पत्ते बंद करतात. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी पद्धतीची पडताळणी मात्र ‘डॉट वेल-नोन’ या फोल्डरमधूनच होते. सर्टिफिकेट ९० दिवसांचे असेल तर सर्टबॉट हा ते मिळवणारा प्रोग्रॅम साधारण ३० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा प्रयत्न करतो; तो रोज अपयशी होत राहतो आणि कोणी लॉग पाहत नसेल तर सर्टिफिकेट संपेपर्यंत काहीच कळत नाही. तोपर्यंत टिंबाचा नियम लिहिल्याचे कोणाला आठवतही नसते. त्या एका मार्गाला सूट द्यावी आणि सर्टबॉटचा नुसता सराव करणारा ‘ड्राय रन’ चालवून खात्री करावी. नूतनीकरण यशस्वी होऊनही ब्राउझर जुनेच सर्टिफिकेट दाखवत असेल तर सर्व्हर रीलोड झालेला नाही. सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय हुक’मध्ये रीलोडची आज्ञा लिहावी. टीएलएस १.२ आणि १.३ एवढेच चालू ठेवावेत, १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरले आहेत.

रीबूटनंतर परत येणारी ५०० ची चूक

रेड हॅट परिवारातील प्रणालींवर डेटाबेसशी जोडणी होत नाही म्हणून एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा तात्पुरती शिथिल केली जाते, सर्व सुरळीत होते, आणि पुढच्या रीबूटला चूक परत येते. ‘सेट-सेबूल’ला मोठ्या पीचा पर्याय दिल्याशिवाय केलेला बदल रीबूटपर्यंतच टिकतो. तसेच ‘सीएचकॉन’ने लावलेली लेबले पुढच्या पुनर्लेबलिंगमध्ये जातात, ती ‘सेमॅनेज’ने नोंदवून ‘रीस्टोअरकॉन’ने लावावीत. एसईलिनक्स कायमचे बंद करणे हा उपाय नाही, कारण अटॅचमेंटमधून काही आत शिरलेच तर तेच शेवटचे कुंपण असते.

अटॅचमेंट वेगळ्या नावावर

कोणीही बगसोबत एचटीएमएल फाइल जोडू शकतो. ती बगझिलाच्याच पत्त्यावरून ब्राउझरमध्ये उघडली तर तिच्यातील जावास्क्रिप्ट पाहणाऱ्याच्या लॉगिनने वागू शकते, आणि पाहणारा प्रशासक असेल तर त्याच्या अधिकाराने. म्हणूनच ‘अलाउ अटॅचमेंट डिस्प्ले’ हे पॅरामीटर मुळात बंद असते आणि अटॅचमेंट फक्त डाउनलोड होतात. ते चालू करायचेच असेल तर ‘अटॅचमेंट बेस’मध्ये संपूर्ण वेगळे नाव द्यावे. त्यात बगच्या क्रमांकाची जागा ठेवता येते, म्हणजे प्रत्येक बगची अटॅचमेंट स्वतंत्र नावावरून येतात आणि एका बगमधील घातक फाइल दुसऱ्या बगच्या फाइलींपर्यंत पोचत नाही. यासाठी वाइल्डकार्ड डीएनएस नोंद आणि वाइल्डकार्ड सर्टिफिकेट लागते. लेट्स एन्क्रिप्ट असे सर्टिफिकेट फक्त डीएनएस पद्धतीच्या पडताळणीनेच देते. मोठी अटॅचमेंट जोडताना ४१३ आल्यास तो बगझिलाचा दोष नसतो; एंजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी असते, ती वाढवावी.

फाइल आधीच उघडी पडली असेल तर

दार बंद करणे पुरेसे नाही. सर्व अ‍ॅक्सेस लॉग, जुने संकुचित केलेले आणि पुढच्या प्रॉक्सीचेही, ‘लोकलकॉन्फिग’ या शब्दासाठी शोधावेत. अशी ओळ सापडली की तिच्यातील दोन आकडे वाचावेत: स्टेटस आणि त्यानंतरचा बाइट्सचा आकडा. स्टेटस २०० आणि बाइट्स डिस्कवरील फाइलीच्या आकाराएवढे असतील तर संपूर्ण फाइल बाहेर गेली आहे. जितक्या काळाचे लॉग उपलब्ध नाहीत तितक्या काळात ती गेली असे धरूनच चालावे.

डेटाबेसचा पासवर्ड प्रथम बदलावा आणि डेटाबेस फक्त १२७.०.०.१ वर किंवा खासगी जाळ्यावर ऐकतो ना हे पाहावे; तो बाहेरून पोचता येत होता असे आढळल्यास सर्वांचे पासवर्ड, चालू लॉगिन आणि एपीआय की रद्द कराव्या लागतील. ‘पॅराम्स’ उघडी असल्यास मेल आणि एलडॅपचे पासवर्डही बदलावेत. ‘साइट वाइड सीक्रेट’ मात्र बहुतेक जण विसरतात. बगझिला फॉर्मसोबत पाठवत असलेली टोकन याच किल्लीने तयार करते आणि तपासते, त्यामुळे डेटाबेसचा पासवर्ड बदलूनही जुनी किल्ली बाहेरच्याच्या हाती उपयोगी राहते. ‘लोकलकॉन्फिग’मधून ती ओळ काढून ‘चेकसेटअप’ चालवली की नवी किल्ली तयार होते. त्यानंतर अर्धवट भरलेले फॉर्म एकदा नाकारले जातील, हे वापरणाऱ्यांना आधी कळवावे, आणि बाहेरून करायची तपासणी पुन्हा एकदा पहिल्या पत्त्यापासून चालवावी.